घरगुती दिव्यांतील ऊर्जेची पुनर्प्राप्ती
घरगुती दिव्यांतील ऊर्जेची पुनर्प्राप्ती म्हणजे घरातील दिव्यांचा वापरात न आलेला प्रकाश किंवा उष्णता परत विजेच्या अथवा अन्य उपयुक्त रूपात मिळवणे. हे तत्त्वतः शक्य असले, तरी मिळणारी ऊर्जा अत्यल्प असते. त्यामुळे घरगुती वीजबचतीत पुनर्प्राप्तीपेक्षा अपव्यय टाळण्यास अधिक महत्त्व आहे.

ऊर्जेचा अपव्यय
तंतूच्या दिव्यात विजेचा जेमतेम ५ ते १० टक्के भाग दृश्य प्रकाशात बदलतो. उरलेल्याची उष्णता होते. भिंती व वस्तूंवर शोषला गेलेला प्रकाशही अखेरीस उष्णताच बनतो. थंड प्रदेशांत ही उष्णता खोली उबदार ठेवण्यास काही अंशी उपयोगी पडते. गोंदिया जिल्ह्यासारख्या कडक उन्हाळ्याच्या प्रदेशात मात्र ती पंखे व कूलर यांवरील भार वाढवते.

पुनर्प्राप्तीच्या मर्यादा
दुपारच्या उन्हाची प्रदीप्ती सुमारे १,००,००० लक्स, तर दिवा लावलेल्या खोलीची साधारण ३०० लक्स असते. एवढ्या प्रकाशात एक चौरस मीटर सौरपट्टीपासून रोज पाच तासांप्रमाणे वर्षभरात एक युनिटही वीज मिळत नाही. शिवाय गडद पट्टी प्रकाश शोषून घेत असल्याने खोली अंधारते व अधिक प्रखर दिवा लावावा लागतो. त्यामुळे घरातील प्रकाशावर चालणारे सौरघट गणकयंत्रासारख्या अल्प वीज लागणाऱ्या उपकरणांपुरते उपयुक्त ठरतात.

पर्यायी उपाय
६० वॅटच्या तंतूच्या दिव्याऐवजी ९ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास वापरल्यास वर्षाला सुमारे ९३ युनिट वीज वाचते. केंद्र शासनाच्या उजाला योजनेतून (५ जानेवारी २०१५) असे दिवे सवलतीच्या दरात वितरित झाले. चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंती प्रकाश परावर्तित करून खोलीतच पुन्हा उपयोगात आणतात. कौलारू छपरात काचेचे कौल बसवल्यास दिवसा दिव्याची गरज कमी होते. पूर्व विदर्भात कौलांना कवेलू म्हणतात.

गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात
जिल्ह्यातील तिरोडा येथे ३,३०० मेगावॅट क्षमतेचे कोळशावर चालणारे औष्णिक विद्युत केंद्र आहे. अशा केंद्रांत कोळशातील निम्म्याहून कमी ऊर्जा विजेत बदलते आणि वहनातही काही वीज खर्ची पडते. म्हणून घरात वाचवलेल्या एका युनिटामागे कोळशातील दोन युनिटांहून अधिक ऊर्जा वाचते.