मैदान कोणाचं? नाशिकच्या गेमिंग कॅफेंचा छोटासा इतिहास

22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झाली आणि ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा झाला. पेपरात मथळे आले ते पैशांच्या गेमवरच्या बंदीचे. रमी, फँटसी क्रिकेट, त्यांच्या जाहिराती करणारे सिनेस्टार, सगळी चर्चा तिकडेच गेली. त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे फार कुणी पाहिलं नाही. ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळले जाणारे कॉम्प्युटर आणि मोबाइल गेम, यांना कायद्यात खेळ म्हणून जागा मिळाली. त्याआधी डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत आणले होते, आणि 2023 च्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये त्यात पदकंही दिली गेली.

चांगलं झालं. माझा प्रश्न एवढाच आहे की नाशिकमध्ये हा खेळ खेळायचा कुठे?

"घरी, मोबाइलवर," असं उत्तर येईल. ते खरंही आहे. पण वीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला असता तर पोरांनी तुम्हाला पत्ता सांगितला असता. कॉलेज रोड, गंगापूर रोड, सिडको, इंदिरानगर, नाशिक रोड, प्रत्येक भागात एखादा कॅफे होता. ते पत्ते गेले कसे, आणि त्यांच्याबरोबर काय गेलं, हे कुठे तरी लिहून ठेवलं पाहिजे असं वाटलं, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

सुरुवात कॉम्प्युटरच्याही आधीची आहे. नव्वदच्या दशकात बसस्टँड आणि थिएटरच्या आसपास व्हिडिओ गेम पार्लर असायची. लाकडी खोकं, त्यात टीव्ही, पुढे दांडी आणि बटणं. 'स्ट्रीट फायटर' आणि 'मुस्तफा' हे तिथले राजे. मुस्तफाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', गेम 1993 चा. पण पिवळ्या टोपीच्या त्या हिरोमुळे अख्ख्या भारतात तो मुस्तफाच झाला. एक नाणं टाकायचं आणि मागे दहा जण खांद्यावरून बघत उभे. आपल्याकडचे पहिले ई-स्पोर्ट्सचे प्रेक्षक म्हणजे ही खांद्यावरून बघणारी गर्दी, असं मी मानतो.

पण सरकारी दप्तरात ही जागा खेळाची नव्हती. परवाना पोलिसांचा आणि कर करमणुकीचा. त्यात काही पार्लरमध्ये खरोखर जुगाराची मशीन लागली, धाडी पडल्या, आणि "व्हिडिओ गेम" हा शब्द घराघरात बदनाम झाला. पुढची सगळी गोष्ट ह्या बदनामीच्या सावलीतच घडली, हे लक्षात ठेवा.

15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढच्या पाच-सात वर्षांत गल्लोगल्ली सायबर कॅफे झाले. "सायबरला जाऊन येतो" हे वाक्य तेव्हाचं. लोक निकाल बघायला, रेल्वेचं तिकीट काढायला, ईमेल पाठवायला जायचे. दुपारी मशीन रिकामी पडायची. मग मालकांच्या लक्षात आलं की सगळी मशीन एका वायरीने जोडलेलीच आहेत, तर गेम टाकले की दुपारही भरते. काउंटर स्ट्राइक, एज ऑफ एम्पायर्स, नीड फॉर स्पीड, फिफा, आणि वॉरक्राफ्टच्या पोटातून निघालेला डोटा. तासाचे वीस-तीस रुपये आणि पाच तासांचं पॅकेज घेतलं तर सवलत.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे. हे गेम लॅनवर चालायचे. म्हणजे एक स्विच, त्यातून दहा मशीनला गेलेल्या वायरी, आणि त्यातल्याच एका मशीनवर सुरू केलेला सर्व्हर. बाहेरचं इंटरनेट बंद असलं तरी काही अडायचं नाही. गेम कोणाच्या परवानगीने चालत नव्हता. मॅप कोणता, राउंड किती, कोण कोणाच्या टीममध्ये, हे सगळं त्या खोलीत ठरायचं. (बहुतेक कॉप्या पायरेटेड असायच्या, हेही लिहून ठेवतो. इतिहास लिहायचा तर सगळाच लिहावा.)

मी कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या अशाच एका कॅफेत बरीच वर्षं काढली. तिथल्या टूर्नामेंट म्हणजे काय, तर वहीत नावं लिहायची, पाच जणांच्या टीमची एंट्री फी गोळा करायची, त्यातूनच बक्षीस, आणि रविवारी सकाळपासून मॅच. नाशिक रोडची टीम यायची, पंचवटीची यायची. इंजिनिअरिंगची पोरं, आयटीआयची पोरं, दहावीतला एखादा, वडिलांच्या दुकानावर बसणारा एखादा. हरलं की समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागायचं. मॅच झाली की सगळे मिळून मिसळ खायला. जो इथे जिंकायचा त्याला कोणी तरी सांगायचं, "अरे, मुंबईला जा, तिथे खरी कॉम्पिटिशन आहे." मग चार-पाच जण सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून जायचे. वर्ल्ड सायबर गेम्सचं भारतातलं निवड फेऱ्यांचं वेड तेव्हाचंच. ती स्पर्धा 2013 ला चीनमध्ये कुन्शानला झाली आणि मग बंद पडली.

म्हणजे एक शिडी होती. गल्ली, मग शहर, मग मुंबई, मग परदेश. वरपर्यंत फार थोडे जायचे, पण पहिली पायरी चालत जाण्याच्या अंतरावर होती.

आता ती तुटली कशी ते. "मोबाइल आला आणि सगळं गेलं" असं आपण म्हणून मोकळे होतो. मला वाटतं, चार वेगळे घाव आहेत, आणि मोबाइल त्यातला तिसरा.

पहिला घाव नियमांचा. 11 एप्रिल 2011 ला केंद्राने सायबर कॅफेंसाठी नियमावली काढली. प्रत्येक गिऱ्हाइकाचं ओळखपत्र, नोंदी किमान वर्षभर जपायच्या, पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको, अल्पवयीन मुलांना पार्टिशनच्या आत पालकांशिवाय बसू द्यायचं नाही. दहशतवादी हल्ल्यांनंतरचा काळ होता, हेतू समजण्यासारखा आहे. पण ज्या धंद्याचं निम्मं गिऱ्हाईक शाळा-कॉलेजातलं आणि नफा तासाला काही रुपये, त्याला हे रजिस्टर जड झालं. आणि नियम करताना ही जागा खेळाचीही असू शकते, असा विचार कुठेच नव्हता.

दुसरा घाव खर्चाचा. नाशिककरांना आठवत असेल, 2005 नंतरची काही वर्षं लोडशेडिंगची. उशाला एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र आणि शहरात अंधार. दहा मशीनना इन्व्हर्टर पुरत नाही, जनरेटर लागतो. मग गेम जड होत गेले, ग्राफिक्स कार्ड दर तीन-चार वर्षांनी बदलावं लागलं. 2017-18 मध्ये आणि पुन्हा कोविडच्या काळात क्रिप्टो मायनिंगमुळे जगभर कार्डांचे भाव भडकले. तिकडे कॉलेज रोडचं भाडं चढतच होतं. त्या गाळ्यात मोबाइलचं किंवा कपड्यांचं दुकान जास्त कमावतं, हे गणित कोणालाही कळतं.

तिसरा घाव मोबाइलचा. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं, मार्च 2018 मध्ये पब्जी मोबाइल आला. गेम फुकट, डेटा जवळजवळ फुकट, मशीन खिशात. तासाला तीस रुपये कोण देणार? उरलेसुरले कॅफे मार्च 2020 च्या लॉकडाउनने बंद केले, आणि त्यातले बरेच पुन्हा उघडले नाहीत.

चौथा घाव सगळ्यात शांतपणे झाला आणि माझ्या मते तोच मूळ आहे. गेम कंपन्यांनी लॅन काढून टाकलं. 2009 च्या मॉडर्न वॉरफेअर 2 मध्ये स्वतःचा सर्व्हर चालवायची सोय नव्हती. 2010 च्या स्टारक्राफ्ट 2 मध्ये लॅन नव्हतं. पब्जी काय, 2020 चा व्हॅलोरंट काय, कंपनीच्या सर्व्हरशिवाय सुरूच होत नाहीत. पायरसी थांबवायची होती, ते ठीक. पण परिणाम असा की खोलीतली वायर निरुपयोगी झाली. दहा पोरं एका खोलीत बसली तरी खेळ कंपनीच्या सर्व्हरवर. मग खोलीत कशाला बसायचं?

मैदानाची मालकी गेली की काय होतं, ते आपण पाहिलं. 2 सप्टेंबर 2020 ला केंद्राने 118 ॲपवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाइल. जुलै 2021 मध्ये तोच गेम बीजीएमआय नावाने आला. 28 जुलै 2022 ला तोही स्टोअरवरून काढला गेला, मे 2023 मध्ये परत आला. त्यामागच्या सुरक्षेच्या कारणांवर मी इथे वाद घालत नाही. पण विचार करा, क्रिकेटवर कुणी बंदी घातली असती तर गोल्फ क्लबच्या मैदानावर पोरं तरीही स्टंप रोवून खेळलीच असती. इथे एका रात्रीत मैदानच नाहीसं होतं. जुन्या काउंटर स्ट्राइकचं असं करणं कुणाला शक्य नव्हतं, कारण तो आमच्या स्विचवर होता.

"पण स्पर्धा तर वाढल्या ना?" वाढल्या. एप्रिल 2019 मध्ये मुंबईच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वनची डोटाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. बीजीएमआयच्या मोठ्या फायनल हैदराबाद, कोलकाता अशा शहरांत प्रेक्षकांसमोर होतात. सगळ्यात वरची पायरी आहे, झगमगीत आहे. खाली घरातला एकटा मुलगा आणि मोबाइल आहे. मधल्या पायऱ्या नाहीत. ऑनलाइन क्वालिफायर ही पायरी नव्हे, ती चाळणी आहे. त्यात हरलेल्या पोराला कुणी ओळखत नाही, कुणी सांगत नाही की अरे, तुझं इथे चुकतंय.

आणि समोरासमोर खेळण्याची आणखी एक किंमत आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये शांघायच्या एका काउंटर स्ट्राइक स्पर्धेत एका भारतीय टीमचा खेळाडू चीटिंग सॉफ्टवेअर वापरताना त्याच्या मशीनवरच पकडला गेला, आणि अख्खी टीम बाद झाली. पकडला गेला, कारण पंच मागे येऊन उभा राहू शकला. कॅफेत आमच्या मागे दहा पंच असायचे, सगळे फुकट.

कोरियाचं उदाहरण नेहमी दिलं जातं, तेही नीट द्यायला हवं. 1997 च्या आर्थिक संकटानंतर नोकरी गेलेल्या अनेकांनी तिथे 'पीसी बांग' उघडले, म्हणजे आपल्या गेमिंग कॅफेसारखीच जागा. 1998 ला स्टारक्राफ्ट आला आणि काही वर्षांत त्यांची संख्या वीस हजारांच्या वर गेली. पुढे तिथेही हजारोंनी बंद पडले. पण संपले नाहीत, कारण गेम कंपन्यांनी तिथे बसून खेळणाऱ्याला जास्तीचे फायदे दिले आणि त्या बदल्यात कॅफेकडून पैसे घेतले. तिथे कंपनीला कॅफे हवा होता. आपल्याकडे तो ना कंपनीला हवा होता, ना सरकारला, ना आईबापांना.

आईबापांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. क्लास बुडवून पोरं तिथे बसायची, सिगारेटचा धूर असायचा, आणि मुली जवळजवळ नसायच्याच. तो कॅफे जसाच्या तसा परत आणा, असं माझं म्हणणं नाही. आज शहरात जे मोजके नवे गेमिंग कॅफे आहेत ते जास्त स्वच्छ आहेत, पण तिथे मित्रमित्र येतात, आपापसात खेळतात आणि जातात. अनोळखी टीमशी गाठ पडत नाही.

म्हणून मागणी छोटी आहे. महापालिकेच्या प्रभागाप्रभागांत अभ्यासिका आहेत, समाजमंदिरं आहेत. पंचवटीत मीनाताई ठाकरे क्रीडा संकुल आहे. ई-स्पोर्ट्स जर खेळ असेल, तर ह्यातल्या एका ठिकाणी एक खोली, दहा मशीन, एक स्विच आणि लॅनवर चालणारे परवान्याचे गेम असायला काय हरकत आहे? मुलींसाठी राखीव वेळ, वयाप्रमाणे तास, आणि महिन्यातून एकदा शहराची स्पर्धा. कॅरमला, बुद्धिबळाला जे देतो तेवढंच.

दुसरी गोष्ट कायद्याची. नवा कायदा मान्यता आणि नोंदणी असलेल्या ई-स्पोर्ट्समध्ये प्रवेश फी आणि कामगिरीवर बक्षीस चालेल असं म्हणतो, पैज लावणं चालणार नाही असंही म्हणतो. योग्यच आहे. पण उद्या सिडकोतल्या कॅफेवाल्याने वहीत नावं लिहून, टीममागे पाचशे रुपये घेऊन रविवारची स्पर्धा ठेवली, तर तो क्रीडा आयोजक की जुगार अड्डेवाला? त्याने नोंद कुठे करायची, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे की पोलीस ठाण्यात? हे साध्या मराठीत एका पानावर लिहून मिळायला हवं. नाही तर जुनी बदनामी नव्या कलमांसकट परत येईल, आणि भीतीपोटी कुणी स्पर्धा ठेवणारच नाही.

तुमच्या नगरसेवकाला हे दोन प्रश्न विचारा. खोली कुठे, आणि नोंद कुठे. पदकांच्या गोष्टी त्यानंतर करू.