अलॉय लावण्याआधी टायरवरचा आकडा वाचा. छोट्या कारसाठी चाक कसं निवडायचं?

दवनीवाडा : धानाचे पैसे हाती आले की सेकंडहँड अल्टो, वॅगनआर नाहीतर स्विफ्ट घेणं आता गावखेड्यात नवीन राहिलं नाही. गाडी दारात उभी झाली की घरच्या पोरांची पहिली मागणी अलॉय चाकांची असते. गाडी उठून दिसते, यात वाद नाही. पण मोहल्ल्यात तीच एक कार असते आणि रात्री बाळंतपणाची केस गोंदियाच्या गंगाबाई रुग्णालयात न्यायची तर तीच काढावी लागते. अशा वेळी रस्त्यात टायर कापला तर चाकाची चमक कामी येत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी माप समजून घेतलेलं बरं.

ट्रॅक्टरचा टायर शेतकऱ्याला पाठ असतो. मागचा १३.६-२८, पुढचा ६.००-१६. तिथे पहिला आकडा रुंदी, दुसरा रिम, दोन्ही इंचात. कारचं माप थोडं वेगळं लिहितात. समजा टायरवर १५५/८० आर १३ आहे. १५५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे रबराची उंची रुंदीच्या ८० टक्के. १३ हा रिमचा व्यास, इंचात. मधला इंग्रजी ‘आर’ पुष्कळ लोक रेडियस समजतात, तो रेडियल टायरचा आहे.

आता हिशेब करू. १५५ चे ८० टक्के म्हणजे १२४ मिमी. ही रिमपासून जमिनीपर्यंतच्या रबराची उंची, दुकानदार हिला साइडवॉल म्हणतात. वर-खाली मिळून २४८, त्यात १३ इंची रिमचे ३३० मिळवले की पूर्ण चाक ५७८ मिमीचं झालं. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर एका मिनिटाचं काम आहे, आणि बाकी सगळं या दोन आकड्यांवर ठरतं : पूर्ण चाकाचा व्यास आणि रबराची उंची.

व्यास मूळ चाकाच्या जवळपासच राहिला पाहिजे. दोन-तीन टक्क्यांच्या वर फरक नको. अल्टो ८०० चा टायर १४५/८० आर १२, व्यास ५३७ मिमी. कुणी म्हणालं की वॅगनआरचं निघालेलं १३ इंची चाक स्वस्तात मिळतं, लावून टाक, तर फरक पावणेआठ टक्क्यांचा पडतो. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी खरी ६४-६५ ने पळत असते. चढावर इंजिन दमतं, स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की टायर आतल्या प्लॅस्टिकला घासतो. त्याच गाडीला १३ इंची चाक लावायचंच असेल तर १५५/६५ आर १३ चा व्यास ५३२ येतो, म्हणजे मापात बसतो. पण रबर ११६ वरून १०१ मिमीवर उतरतं.

खरी अडचण या रबराच्या उंचीचीच आहे. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ येतो. त्याची साइडवॉल १३२ मिमी. वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५, साइडवॉल १२०. दोघांचा व्यास जवळजवळ सारखा, ६२० आणि ६२१. बाहेरचा दुकानदार १९५/५५ आर १६ सुचवतो. व्यास त्याचाही ६२१, म्हणून ‘काही फरक पडत नाही भाऊ’ असं सांगणं त्याला सोपं जातं. पण रबर उरतं १०७ मिमी. १४ इंची टायरच्या तुलनेत अडीच सेंटीमीटर गेलं. खड्ड्यात चाक आदळलं की आधी रबर दबतं, ते पुरलं नाही तर मार थेट रिमवर बसतो. टायर रिम आणि खड्ड्याच्या काठामध्ये चिमटला जातो, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो कधीही फुटू शकतो, म्हणून बदलावाच लागतो.

पावसाळ्यात हे जास्त घडतं. खड्डा पाण्याने भरला की खोली कळत नाही. त्यात रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या लोखंडी केजव्हीलने डांबराची कड उखडलेली असते, समोरून गाडी आली की कार त्याच तुटक्या कडेवर उतरवावी लागते. पांदण रस्त्याचं तर बोलायलाच नको. अशा वापरासाठी १३ आणि १४ इंचीचे उंच टायरच योग्य. १५ इंची घ्यायचं तर कंपनीने त्याच मॉडेलला दिलं असेल तेवढंच. १६ इंची गावाकडच्या छोट्या गाडीला नकोच.

लोखंडी डिस्क की अलॉय, हा वाद वेगळा. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमचं मिश्रण. जोराचा मार बसला की लोखंडी डिस्क वाकते आणि बऱ्याच वेळा ठोकून सरळ होते. अलॉयला मात्र तडा जाऊ शकतो. काही ठिकाणी वेल्डिंग करून देतात, पण त्या जागी धातू कमजोर होतो, असं चाक पुढच्या बाजूला तर अजिबात लावू नये. अलॉय हलकं असतं म्हणून मायलेज वाढतं, असंही सांगतात. चांगल्या कंपनीचं असेल तर थोडं हलकं असतंही, पण स्वस्तातलं बाहेरचं अलॉय कधी कधी डिस्कइतकंच जड भरतं. दुकानात वजनकाटा असला तर ठेवून बघावं, लाजायचं कारण नाही. डिस्कचाही दोष आहे, तो सांगायला पाहिजे. कडेला गंज चढला की ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू निघते. चिखलातून येणाऱ्या गाड्यांना हा त्रास नेहमीचा.

अलॉय घ्यायचंच ठरलं तर फक्त इंच बघून चालत नाही. नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास जुळला पाहिजे. स्विफ्टला ४ नट, १०० मिमीच्या वर्तुळात. रेनॉ क्विडच्या चाकाला तीनच, त्यामुळे तिला दुसऱ्या गाडीचं चाक शोधत बसू नये. मधलं भोक हबवर घट्ट बसलं पाहिजे, ढिलं असेल तर वेग वाढला की स्टेअरिंग थरथरतं. त्यासाठी मिळणारी रिंग मागून घ्यावी. चाक मडगार्डच्या बाहेर निघालेलं दिसत असेल तर ते परत करावं. बेअरिंगवर ताण येतो, आणि चिखल दारापर्यंत उडतो तो वेगळाच.

टायरवर मापाच्या पुढे ७९ किंवा ८५ असा आकडा असतो. तो वजनाचा. ७९ म्हणजे एका टायरवर ४३७ किलो, ८५ म्हणजे ५१५. डिक्कीत धानाचे कट्टे टाकणाऱ्यांनी मूळ आकड्यापेक्षा खाली जाऊ नये. आणखी एक चार आकडी शिक्का असतो. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी नवी पण टायर चार-पाच वर्षं गोदामात पडलेला असेल तर ‘नवीन’ म्हणून घेऊ नये. नक्षी १.६ मिमीच्या खाली गेलेला टायर कायद्यानेही बाद आहे.

कायद्याचं निघालंच आहे तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. नियमबाह्य बदलाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या मापातच राहिलं तर हा ताप मागे लागत नाही. अलॉय बाहेरून बसवलं असेल तर विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत नोंद करून घ्यावी.

हवा किती, हे ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी. धावून आलेल्या गाडीत हवा जास्त दाखवते म्हणून काढून टाकणं चूक आहे.

अलॉय बसवल्यावर ५०-१०० किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळून घ्यावेत. स्टेपनी बहुतेक वेळा जुनी लोखंडीच राहते, आणि अलॉयचे नट काही गाड्यांत डिस्कला बसत नाहीत. म्हणून जुने नट एका पिशवीत घालून जॅक आणि पान्यासोबत डिक्कीतच ठेवावेत, आणि दुकानातून निघण्याआधी स्टेपनी एकदा लावून पाहावी.