स्वयंपाकघरातील कपाटे व खण : मापांचा इतिहास

स्वयंपाकघरातील कपाटे व खण : धान्य, मसाले, भांडी आणि स्वयंपाकाची उपकरणे ठेवण्यासाठी ओट्याखाली किंवा भिंतीवर बसविलेली कपाटे व त्यांतील ओढून बाहेर काढता येणारे खण. त्यांची मापे आता बव्हंशी ठरून गेली आहेत. ओट्याची उंची ८५ ते ९१ सेंमी., त्याची पुढून मागे खोली सु. ६० सेंमी. आणि भिंतीवरील कपाटाची खोली ३० ते ३५ सेंमी. असते. ही मापे सुताराला व घरमालकाला स्वयंसिद्ध वाटतात. तथापि त्यांतील प्रत्येक आकडा कोणत्या तरी काळी, कोणत्या तरी व्यक्तीच्या उंचीवरून आणि तिच्या हातातील साधनांवरून निश्चित झाला आहे. नवे स्वयंपाकघर बांधताना कोणते माप स्वीकारावे व कोणते बदलावे, याचा निर्णय या इतिहासाच्या आधारे अधिक डोळसपणे घेता येतो.

पूर्वपीठिका : यंत्रपूर्व काळातील स्वयंपाकघरात बसविलेली कपाटे क्वचितच असत. महाराष्ट्रातील जुन्या घरांत स्वयंपाक जमिनीवर बसून होई. चूल, पाटा-वरवंटा व परात ही सर्व बसल्या जागी हाताच्या टप्प्यात असत. सामान भिंतीतील कोनाड्यात व फडताळात, मांडणीवर, शिंक्यात आणि एकावर एक रचलेल्या मडक्यांच्या उतरंडीत ठेवले जाई. या मांडणीलाही माप होते, परंतु ते त्या घरातील स्त्रीच्या हाताचे होते. लिहून ठेवलेले नव्हते.

मापांचा लेखी विचार प्रथम अमेरिकेत झाला. कॅथरिन बीचर (१८००–७८) हिने १८४१ मध्ये गृहव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. पुढे १८६९ मध्ये बहीण हॅरिएट बीचर स्टो हिच्यासह लिहिलेल्या ग्रंथात तिने जहाजावरील पाकगृहाचा दाखला दिला. तेथे सर्व वस्तू एकदोन पावलांच्या अंतरावर असतात. मग घरातील स्त्रीनेच दिवसभर येरझारा का घालाव्यात, असा तिचा प्रश्न होता. तिच्या आराखड्यात खिडकीखाली सलग कामाची फळी, तिच्या शेजारी पिठाची साठवण आणि वर-खाली कप्पे व खण आहेत. घरातील नोकरवर्गावर अवलंबून न राहता गृहिणीला स्वतःच काम करणे सुकर व्हावे, ही या आराखड्यामागील भूमिका होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंडियाना राज्यातील कारखान्यांत ‘हूझर’ नावाने प्रसिद्ध पावलेली सुटी कपाटे तयार होऊ लागली. पिठाची चाळणीयुक्त टाकी, साखरेचा डबा, मसाल्याच्या बरण्या व पुढे ओढता येणारी कामाची फळी ही सर्व एकाच कपाटात असत. याच सुमारास फ्रेडरिक विन्सलो टेलर (१८५६–१९१५) याने कारखान्यातील हालचालींचा अभ्यास शास्त्रीय व्यवस्थापनाच्या नावाने मांडला (१९११). क्रिस्टीन फ्रेडरिक (१८८३–१९७०) हिने ते तत्त्व घरकामाला लावले. तिचे लेख १९१२ मध्ये व पुस्तक १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. काम ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने उपकरणे व कपाटे मांडावीत आणि टेबलाची उंची काम करणारीच्या उंचीप्रमाणे ठेवावी, असा तिचा आग्रह होता. लिलियन गिलब्रेथ (१८७८–१९७२) या अभियंता स्त्रीने १९२९ मध्ये ब्रुकलिनमधील एका गॅस कंपनीसाठी आदर्श स्वयंपाकघर आखले. त्यामागेही पावले मोजण्याचीच पद्धती होती.

फ्रँकफुर्ट स्वयंपाकघर : पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची तीव्र टंचाई निर्माण झाली. फ्रँकफुर्ट नगरपालिकेने एर्न्स्ट माय (१८८६–१९७०) या वास्तुविशारदाच्या नेतृत्वाखाली कामगारवर्गासाठी मोठी गृहयोजना हाती घेतली. तिच्यासाठी मार्गारेटे श्यूटे-लिहोट्स्की (१८९७–२०००) या ऑस्ट्रियन स्त्री-वास्तुविशारदाने १९२६ मध्ये आखलेले स्वयंपाकघर सु. १·९ मी. रुंद व ३·४ मी. लांब होते. आगगाडीच्या भोजनडब्यातील चिंचोळे पाकगृह आणि फ्रेडरिकचे लेखन हे तिचे दोन प्रमुख आधार होते. अशी सु. १०,००० स्वयंपाकघरे बसविण्यात आली. कपाटे घराबरोबरच मिळत व त्यांचा खर्च भाड्यात धरला जाई.

या रचनेत तांदूळ, साखर, डाळी इ. पदार्थांसाठी ॲल्युमिनियमचे ओळीने बसविलेले लहान खण होते. प्रत्येकावर पदार्थाचे नाव असे व निमुळत्या तोंडामुळे त्यातील जिन्नस सरळ पातेल्यात ओतता येई. पिठाचा खण ओक लाकडाचा होता. त्यातील टॅनिनामुळे कीड लागत नाही, असे मानले जाई. कामाच्या फळीत कचऱ्यासाठी काढता येण्याजोगा खण होता आणि बसून काम करण्यासाठी फिरते स्टूल होते.

पावले वाचविणारी ही रचना रहिवाशांना सर्वस्वी रुचली नाही. दालन इतके अरुंद होते की, दुसरे माणूस मदतीला उभे राहू शकत नसे. मोठ्या स्वयंपाकघरात जेवणाऱ्या कुटुंबांना येथे टेबल मांडता येईना. पदार्थांची नावे आधीच कोरलेली असल्यामुळे ज्या घरात खाण्याची रीत वेगळी, तेथे खण अडचणीचे ठरत. १९७० नंतरच्या स्त्रीवादी समीक्षकांनी या रचनेने स्त्रीला स्वयंपाकघरात एकटे पाडले, असा आक्षेप घेतला. हे स्वयंपाकघर आखण्यापूर्वी आपण स्वतः कधी घर चालविले नव्हते, असे श्यूटे-लिहोट्स्कीनेच पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. मोजमाप काटेकोर असले, तरी ते कोणाला विचारून केले, हा प्रश्न तेव्हापासून या विषयाला चिकटून राहिला आहे.

मानकीकरण : अमेरिकेत १९३० नंतर शेगडी, सिंक व कामाची फळी एकाच सलग पातळीत आणण्याची शैली रूढ झाली. फ्रेडरिकचा उंचीनुसार माप घेण्याचा आग्रह मागे पडला आणि ३६ इंच (सु. ९१ सेंमी.) ही एकच उंची सर्वत्र आली. तीत कपाट ३४·५ इंच व वरील फळी १·५ इंच असे. कपाटांची खोली २४ इंच ठरली आणि रुंदी तीन-तीन इंचांनी वाढत जाई. इलिनॉय विद्यापीठात १९४० नंतरच्या दशकात सिंक, शेगडी व शीतकपाट यांना जोडणाऱ्या ‘कार्यत्रिकोणा’ची कल्पना मांडण्यात आली. स्वीडनमध्ये १९४४ मध्ये स्थापन झालेल्या गृहसंशोधन संस्थेने प्रत्यक्ष गृहिणींच्या हालचालींचा व श्रमांचा अभ्यास केला आणि त्यावर त्या देशातील स्वयंपाकघरांची मानके आधारली गेली.

यूरोपात पुढे ६० सेंमी. हे मूळ माप झाले. भांडी धुण्याचे यंत्र, भट्टी व शीतकपाट यांचे उत्पादक त्याच मापाला बांधले गेले. स्वित्झर्लंडमध्ये मात्र ५५ सेंमी. रुंदी रूढ झाली. तेथे कपाटाच्या ७६·२ सेंमी. उंचीचे सहा भाग पाडून १२·७ सेंमी. हे खणाच्या उंचीचे एकक मानले गेले; परिणामी उत्पादकांना त्या एका देशासाठी वेगळ्या मापाची यंत्रे काढावी लागली. एकदा रूढ झालेले माप बदलणे किती कठीण असते, याचे हे उत्तम उदाहरण होय. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडी भुशाचे दाबीव तक्ते वापरात आले. त्यांत ३२ मिमी. अंतरावर छिद्रे पाडण्याची पद्धती जर्मनीत विकसित झाली. बिजागऱ्या, फळ्या व खण हे सर्व त्या छिद्रांच्या हिशेबाने बसू लागले आणि कपाटनिर्मिती सुताराच्या हातून कारखान्याकडे गेली.

कपाटाकडून खणाकडे : ओट्याखालील ६० सेंमी. खोल कपाटात मागची वस्तू काढण्यासाठी गुडघ्यांवर बसावे लागते. खण ओढला म्हणजे मागची वस्तूच पुढे येते. पूर्णपणे बाहेर येणाऱ्या व भार सोसणाऱ्या धातूच्या सरकपट्ट्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उपलब्ध झाल्यावर ओट्याखाली दारांच्या कपाटांऐवजी खणांना पसंती मिळू लागली. मात्र खण जागा खातो. सुतार ज्यांना चॅनेल म्हणतात, त्या सरकपट्ट्यांसाठी दोन्ही बाजूंना प्रत्येकी सु. १·३ सेंमी. व कपाटाच्या तक्त्यांसाठी प्रत्येकी सु. १·८ सेंमी. जातात. त्यामुळे ९० सेंमी. च्या एका कपाटात खणाची रुंदी ८३·८ सेंमी. राहते, तेवढ्याच जागेत ४५ सेंमी. ची दोन कपाटे केल्यास दोन्ही खण मिळून ७७·६ सेंमी. भरतात. रुंद खण अधिक सामान घेतो, पण त्याचा भारही अधिक असल्याने चॅनेल तितकेच बळकट असावे लागते.

महाराष्ट्रातील ओटा : मुंबईत घरगुती वापराचा गॅस १९५५ च्या सुमारास विक्रीस आला. रॉकेलच्या व गॅसच्या शेगड्यांबरोबर शहरी स्त्री बसून स्वयंपाक करण्याऐवजी उभ्याने करू लागली व कडप्पा फरशीचा ओटा घरोघर आला. ओट्याखालचा भाग प्रथम मोकळा असे आणि तेथे गॅसची टाकी, पाण्याची घागर व धान्याचे डबे ठेवीत. पुढे तेथे पोलादी जाळीचे सरकते खण आले. त्यांना मराठी घरांत ‘ट्रॉली’ असे नाव रूढ आहे.

येथे आयात मापांचा एक दोष विशेष जाणवतो. उभ्या माणसाच्या कोपराची उंची त्याच्या एकूण उंचीच्या सु. ६३ टक्के असते व कामाची पातळी कोपराच्या १० ते १५ सेंमी. खाली सोयीची मानली जाते. त्यानुसार १६५ सेंमी. उंचीच्या स्त्रीला सु. ९० सेंमी. चा ओटा योग्य ठरतो. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सु. १५२ सेंमी. असल्याने तिला ८१ ते ८६ सेंमी. पुरे होतात. पाश्चात्त्य घरात शेगडी ओट्याच्या पातळीतच बसविलेली असते. भारतीय घरात ती बहुधा ओट्यावर ठेवलेली असते आणि पातेल्याचा तळ आणखी १० सेंमी. किंवा अधिक वर जातो. परक्या पुस्तकातील ९० सेंमी. हा आकडा येथे जसाच्या तसा घेतला, तर आमटी ढवळणारीचा खांदा रोज उचललेला राहतो. कणीक मळण्यास व पोळ्या लाटण्यास तर वरून जोर द्यावा लागतो. त्यासाठी सलग ओट्यापेक्षा थोडी खालची पातळी अधिक सोयीची असते.

मापांची निवड : भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीत वेगळी भोजनाची जागा असलेल्या घरातील स्वयंपाकघराची किमान रुंदी १·८ मी. व क्षेत्र ५ चौ. मी. सांगितले आहे. एवढ्या रुंदीत समोरासमोर ६० सेंमी. चे दोन ओटे घातल्यास मध्ये ६० सेंमी. राहतात. ५० सेंमी. लांबीचा खण पूर्ण उघडला, तर तेथे उभे राहण्यास जागाच उरत नाही. अशा ठिकाणी एकाच बाजूस ओटा ठेवून समोर ३० सेंमी. खोलीची कपाटे करणे श्रेयस्कर. खणांची उंची ठरविण्यापूर्वी घरातील सर्वांत उंच डबा, कुकर व परातीचा व्यास मोजावा; १४·२ किग्रॅ. गॅसची टाकी ओट्याखाली ठेवावयाची असल्यास तिची जागा प्रथम मोकळी सोडावी. चमचे व लाटणी यांना उथळ खण, डब्यांना खोल खण आणि रोज लागणाऱ्या वस्तूंना कंबर ते खांदा या टप्प्यातील जागा, हा क्रम बीचरच्या काळापासून बदललेला नाही. ओट्याची उंची मात्र तेथे रोज उभे राहणाऱ्या व्यक्तीला उभे करून, तिच्या कोपरापासून खाली मोजूनच ठरविणे योग्य होय.