शनीची कडी आणि गोव्याची वाट

१६१८ च्या ऑक्टोबरात लिस्बनहून आलेल्या जहाजातून जेझुइट पाद्र्यांची एक तुकडी गोव्यात उतरली. मुक्काम तात्पुरता, जायचं होतं चीनला. त्यांच्यातला योहान श्रेक हा रोमच्या लिंचेई अकादमीत गॅलिलिओचा सहकारी, आणि त्याच्या सामानात दुर्बीण होती. पुढच्याच महिन्यात आकाशात धूमकेतू उगवले. श्रेकचा सोबती किर्विट्झर यानं गोव्यातून त्यांची टिपणं ठेवली आणि १६२० मध्ये ती युरोपात छापून आली. गॅलिलिओनं शनीकडे दुर्बीण रोखून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. त्याला शनी तिहेरी दिसला होता: मधे मोठा गोळा, दोन्ही बाजूंना एकेक लहान. ही कडी असल्याचं डच खगोलशास्त्रज्ञ ह्युजेन्सनं १६५९ मध्ये छापून सांगितलं. श्रेकची दुर्बीण तर कधीच पुढे चीनला गेली होती.

शापोरा नदीच्या उत्तरेला पेडणे महाल तेव्हा आदिलशाहीच्या मुलखात होता. शनी तिथंही सगळ्यांच्या ओळखीचा, पण पंचांगातून आणि मारुतीच्या देवळात वाहायच्या तेलातून. शनीला सगळं राशिचक्र फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षं; तीन राशींची झाली साडेसाती. तिची धास्ती बाजूला ठेवली तरी त्यामागची मोजदाद चोख आहे, आणि ती नुसत्या डोळ्यांनी केलेली.

शतकभरानंतर ज्योतिषाच्या कामासाठी गोव्याची वाट पुन्हा वापरात आली. जयपूरच्या सवाई जयसिंहानं पाद्री मान्युएल द फिगेरेदो याच्यासोबत पोर्तुगालला शिष्टमंडळ धाडलं; ते १७२९ मध्ये लिस्बनला पोचलं आणि युरोपातली ग्रहगणिताची कोष्टकं घेऊन परतलं. याच जयसिंहाच्या ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या कोष्टकांच्या ग्रंथात दुर्बिणीतून शनी लंबगोल दिसतो, अशी नोंद आहे. म्हणजे ह्युजेन्सनं कड्यांचं कोडं सोडवून सत्तर वर्षं झाली, तरी इकडे शनी अजून लंबगोलच होता. ज्ञान जहाजानं येतं तेव्हा काय चढवलं जाईल आणि काय धक्क्यावरच राहील, याचा नेम नसतो.

हौशी लोकांनी एकत्र येऊन आकाश पाहायचं, ही गोष्ट मराठी मुलखात पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेनं १९४४ मध्ये रुजवली. गोव्यात त्यासाठी १९८० चं दशक उजाडावं लागलं. पर्सिव्हल नोरोन्हा (१९२३–२०१९) हे सरकारी सेवेत वरच्या हुद्द्यावर काम केलेले, पणजीच्या फोंताइन्यासचे इतिहासप्रेमी. त्यांनी ‘असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमी’ उभी केली, आणि पणजीच्या जुंता हाऊसच्या गच्चीवर लोकांसाठी वेधशाळा सुरू झाली. तिचा हंगाम नोव्हेंबर ते मे असा. उरलेले महिने पावसाचे. तेव्हा गोव्यात चंद्र दिसला तरी नशीब.

पेडण्याला आकाश म्हटलं की आधी आठवते ती पुनव, भगवतीच्या देवळाकडे लोटणारी गर्दी. २०२५ साली कोजागरी ६ ऑक्टोबरला आली. त्या संध्याकाळी पूर्वेला चंद्राच्या जरा वर, उजवीकडे जो पिवळसर ठिपका होता, तो शनी. पौर्णिमेच्या उजेडात मंद तारे विरून जातात, शनी टिकतो. मात्र त्या दिवशी कुणी त्याला दुर्बीण लावली असती तर निराशाच पदरी पडली असती. त्या वर्षी मार्चमध्ये कडी पृथ्वीवरून अगदी कडेनं दिसण्याच्या स्थितीत आली होती आणि ऑक्टोबरातही बारीक रेघेइतकीच होती. दर चौदा-पंधरा वर्षांनी हे असं होतं.

यानांनी हा प्रश्नच मिटवला. त्यांना हव्या त्या बाजूनं पाहता येतं. व्हॉयेजर १ नोव्हेंबर १९८० मध्ये शनीजवळून गेलं, व्हॉयेजर २ पुढच्या ऑगस्टात. चित्रं आली, पण नासानं निवडली तेवढीच वर्तमानपत्रांतून लोकांपर्यंत पोचली. उरलेल्या चित्रांत काय दडलं होतं, ते १९९० मध्ये मार्क शोवॉल्टर या शास्त्रज्ञानं दाखवलं. नऊ वर्षं जुन्या छायाचित्रांतून त्यानं कड्यांमधल्या एंके फटीत फिरणारा ‘पॅन’ हा चंद्र हुडकून काढला.

२००४ मध्ये कॅसिनी यान शनीभोवती फिरू लागलं आणि त्याची कच्ची चित्रं थेट इंटरनेटवर पडू लागली. शास्त्रज्ञांच्या मागोमाग पेडण्याच्या बाजारात बसलेल्यालाही तीच उघडता येत होती. १४ जानेवारी २००५ ला त्याचं ह्युजेन्स हे उपयान शनीच्या टायटन या चंद्रावर उतरलं. दोनपैकी एका वाहिनीचा रिसीव्हर कॅसिनीवर चालूच केला गेला नव्हता, त्यामुळे सुमारे सातशेऐवजी साडेतीनशेच चित्रं मिळाली. तुकड्यातुकड्यांत आलेली ती चित्रं जगभरच्या हौशी मंडळींनी काही तासांतच जोडली आणि टायटनच्या जमिनीची दृश्यं तयार केली.

हे काम वाटतं तितकं सरळ नाही. कॅसिनीचा कॅमेरा कृष्णधवल. रंग हवा तर लाल, हिरव्या, निळ्या गाळणीतून वेगवेगळे फोटो घ्यायचे. मधल्या वेळात यानही सरकतं, चंद्रही. तीन फोटो एकावर एक ठेवले की चंद्राच्या एका काठाला लाल, दुसऱ्याला निळी झालर दिसते. ती हातानं जुळवावी लागते. मग वाद रंगतो पांढऱ्या ठिपक्यांवरून: हा तारा, हा चंद्र, की कॅमेऱ्यावर आदळलेला विश्वकिरणांचा कण? लागोपाठच्या फोटोंत ठिपका नेमानं सरकला तर चंद्राचा संशय घ्यायचा. एकाच फोटोत दिसून गायब झाला तर सोडून द्यायचा.

मार्च २०१७ मध्ये कॅसिनीनं त्याच पॅनला सुमारे २५ हजार किलोमीटरवरून टिपलं. मधे फुगलेला, कडेनं पातळ पाळ असलेला तो चंद्र थेट चवथीच्या नेवरीसारखा निघाला. कड्यांतली धूळ विषुववृत्तावर साचून ती पाळ झाली, असं मानतात. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला कॅसिनी शनीच्या वातावरणात शिरून संपलं. त्यानं घेतलेली साडेचार लाखांहून अधिक चित्रं मात्र कुणालाही पाहायला खुली आहेत.