गारदी पलटणींतील पगार व शिस्तीचे वाद

गारदी हे अठराव्या शतकात मराठा फौजेत व दक्षिणेतील इतर सत्तांच्या चाकरीत असलेले, युरोपीय पद्धतीने कवाईत शिकलेले बंदूकधारी पायदळ होते. गारदी शिपाई स्वेच्छेने व रोख पगारावर चाकरीस राहत. त्यामुळे पगार थकणे, हजिरी घेणे आणि शिस्तीचा अंमल यांवरून त्यांचे सरकारशी वारंवार खटके उडत. पेशवे घराण्यातील यादवीच्या काळात या वादांना राजकीय रूप आले. इ.स. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून पगाराच्या मागणीच्या आडूनच झाला.

पार्श्वभूमी

मराठा फौजेचा कणा घोडदळ होते. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई, तर बारगिरास घोडा सरकारातून मिळे. सरदारांना फौजेच्या खर्चासाठी सरंजाम लावून दिलेला असे. दसऱ्यानंतर मोहिमेस निघून पावसाळ्यापूर्वी घरी परतणाऱ्या अनेक स्वारांना शेतीचाही आधार असे. पगार उशिरा मिळाला तरी त्यांचे काही काळ भागत असे.

गारद्याची स्थिती वेगळी होती. तो निरनिराळ्या प्रांतांतून व जातिधर्मांतून आलेला पोटार्थी शिपाई असे. त्याला वतन नसे, सरंजाम नसे. बारमाही चाकरी असल्याने दरमहा मिळणारी रोख रक्कम हेच त्याच्या उपजीविकेचे साधन होते. अशा पायदळाचा खर्च भागवणे इतर सत्तांनाही अवघड गेले. निजामाच्या चाकरीतील फ्रेंच सेनापती बुसी याच्या पलटणींचा पगार थकू लागल्यावर इ.स. १७५३ मध्ये त्याने उत्तर सरकारांचा मुलूख खर्चासाठी लावून घेतला होता.

मुजफ्फरखान व हजिरीचा वाद

पेशव्यांच्या चाकरीतील गारद्यांचा सरदार मुजफ्फरखान याचा सदाशिवरावभाऊंशी हजिरी व हिशेबावरून बेबनाव झाला. पलटणीचा पगार सरदाराच्या हाती दिला जात असल्याने प्रत्यक्षात हजर असलेल्या शिपायांची गणती हा सरकार व सरदार यांच्यातील नाजूक प्रश्न असे. गणती काटेकोर झाली की सरदाराची मिळकत घटे. मुजफ्फरखान पेशव्यांची चाकरी सोडून गेला व पुढे त्याला सावनूरच्या नबाबाने आश्रय दिला. इ.स. १७५६ मध्ये पेशव्यांनी सावनूरला वेढा घातला, त्यामागील कारणांत हेही एक होते. नंतर तो पुन्हा पेशव्यांच्या चाकरीत आला. इ.स. १७५९ मध्ये भाऊंवर झालेल्या प्राणघातक हल्ल्याच्या कटात तो दोषी ठरला व त्याला देहदंड देण्यात आला.

इब्राहिमखान व पानिपत

बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी निजामाची चाकरी सोडून मराठ्यांकडे आला. इ.स. १७६० मधील उदगीरच्या लढाईत त्याचा तोफखाना व पायदळ उपयोगी पडले. पानिपतच्या मोहिमेत मात्र रसद तुटली आणि दिल्लीहून येणारा खजिनाही शत्रूच्या हाती लागला. शुजाउद्दौलाच्या दरबारातील काशीराज याने लिहिलेल्या वृत्तांतानुसार, लढाईच्या दिवशी इब्राहिमखानाने भाऊंना सांगितले, की शिपायांच्या नियमित पगाराचा आग्रह धरल्यामुळे आपण माझ्यावर नाराज असता. या महिन्याचा पगार मिळालेला नाही, तरी आज आम्ही आमचे कर्तव्य पार पाडून दाखवू. १४ जानेवारी १७६१ रोजी त्याच्या पलटणी नेटाने लढल्या आणि त्यांची जबर हानी झाली. जखमी इब्राहिमखान शत्रूच्या हाती सापडून मारला गेला.

नारायणरावांचा खून

माधवराव पेशव्यांच्या मृत्यूनंतर, इ.स. १७७२ च्या अखेरीस, नारायणराव पेशवेपदावर आले. चुलते रघुनाथराव यांच्याशी त्यांचे पटले नाही व रघुनाथरावांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्यात आले. वाड्याच्या पहाऱ्यावरील गारद्यांचे प्रमुख सुमेरसिंग, खरकसिंग व महंमद इसफ यांच्याशी रघुनाथरावांच्या पक्षाने संधान बांधले.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवात, थकलेल्या पगाराची मागणी करीत गारदी वाड्यात घुसले. नारायणराव चुलत्यांच्या आश्रयास धावले असता त्यांना तेथेच ठार करण्यात आले. वाड्यातील इतर काही जणही या वेळी मारले गेले. मूळ पत्रातील ‘धरावे’ या शब्दाचा आनंदीबाईंनी ‘मारावे’ केला, ही ‘ध चा मा’ची कथा परंपरेने सांगितली जाते, ती आख्यायिका मानली जाते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशीत रघुनाथरावांना दोषी ठरविले.

यादवी व परिणाम

रघुनाथराव पेशवे झाले, परंतु नाना फडणवीस, सखारामबापू बोकील आदी बारभाईंनी नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाई यांच्या नावे कारभार हाती घेतला. २६ मार्च १७७४ रोजी पंढरपूरजवळ कासेगाव येथे रघुनाथरावांनी बारभाईंचे सेनापती त्रिंबकराव पेठे यांचा पराभव केला. पुढील वर्षी त्यांनी इंग्रजांशी सुरतेचा तह केला व घरच्या भांडणातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध उद्भवले. खुनात सामील असलेल्या गारदी प्रमुखांपैकी महंमद इसफ व खरकसिंग पुढे पकडले गेले व त्यांना देहांत शिक्षा झाली.

या घटनेमुळे मराठी भाषेत ‘गारदी’ हा शब्द मारेकरी या अर्थानेही रूढ झाला. पगार थकला असूनही पानिपतावर लढलेल्या गारद्यांची आठवण त्यामुळे मागे पडली. पुढे महादजी शिंदे यांनी द बॉयन याच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या, तेव्हा त्यांच्या खर्चासाठी दुआबातील मुलूख स्वतंत्रपणे लावून दिला. नियमित पगार हे या पलटणींच्या शिस्तीचे एक प्रमुख कारण ठरले.