कुलकर्णी, भास्कर
चित्रकार व लोककलेचे जाणते संग्राहक. हस्तकलांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या पुपुल जयकरांच्या सांगण्यावरून १९६० च्या दशकात दुष्काळग्रस्त मिथिलेत जाऊन त्यांनी तिथल्या बायकांना भिंतीवरची चित्रे कागदावर काढायला प्रवृत्त केले. पुढे डहाणू तालुक्यातील वारली आदिवासींच्या पाड्यांवर त्यांनी हेच काम केले. वारली लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक, म्हणजे विधीचे चौकोनी चित्र, लिहिण्याचा मान सुवासिनींचा. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे मात्र पुरुष असून, लग्नसराई नसतानाही चित्रे काढीत. कुलकर्णींनी त्यांना हेरले, कागद-रंग दिले. १९७५ मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये म्हसे यांचे प्रदर्शन भरले. २०११ मध्ये म्हसे यांना पद्मश्री मिळाली. निनावी समजल्या गेलेल्या कलेतला कलावंत त्याच्या नावानिशी लोकांसमोर आला, ही कुलकर्णींची सर्वांत मोलाची कामगिरी.