परिचारिकेची पारख

जुलै १८६०. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने जमलेल्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. मेट्रन सेरा वॉर्ड्रोपर यांना तिथे प्रत्येक उमेदवार मुलीचा एक तक्ता महिन्याच्या महिन्याला भरावा लागे. तो तक्ता आपण जरा निरखून पाहू. त्यात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप हे गुण होते, तशीच ड्रेसिंग, जळवा लावणे, एनिमा, पट्ट्या बांधणे, आजाऱ्यासाठी स्वयंपाक आणि रुग्णाचे निरीक्षण ही कामेही होती. प्रत्येक रकान्यात शेरा पडे: उत्कृष्ट, चांगले, मध्यम, अपुरे, नाहीतर सरळ शून्य. आज ज्यांना आपण क्षमता-मानके म्हणतो त्यांचा हा जुना खर्डाच. उणीव एवढीच, की पारख एकाच बाईच्या नजरेवर अवलंबून होती.

नेमके हेच एथेल बेडफर्ड फेनविक यांना खुपत होते. १८८७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ब्रिटिश नर्सेस असोसिएशन उभी राहिली. तीन वर्षांचे शिक्षण, परीक्षा आणि नोंदणी असा त्यांचा आग्रह होता. विरोधात उभ्या राहिल्या खुद्द नाइटिंगेल. रुग्णाशी वागण्याची रीत कागदावर कशी तपासणार, असा त्यांचा आक्षेप. हा वाद चांगला तीस वर्षे रेंगाळला. दरम्यान न्यूझीलंडने १९०१ मध्ये कायदा करून टाकला आणि जानेवारी १९०२ मध्ये एलन डोहर्टी पहिल्या नोंदणीकृत परिचारिका ठरल्या. इंग्लंडचा कायदा १९१९ चा, आणि तिथल्या नोंदवहीत पहिला क्रमांक लागला तो फेनविक यांचाच. आपल्याकडे मुंबई इलाख्याचा कायदा १९३५ मध्ये आला, भारतीय परिचर्या परिषदेचा १९४७ मध्ये. नोंदणीने पेशाला प्रतिष्ठा मिळाली, हे खरेच. पण पारख वॉर्डातून उठून परीक्षेच्या दालनात गेली, आणि नाइटिंगेल यांची शंका अनुत्तरितच राहिली.

ही पारख परत वॉर्डात आणण्याचा ठळक प्रयत्न आपल्याला ऑस्ट्रेलियात दिसतो. १९८४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने परिचारिकांचे शिक्षण रुग्णालयांकडून काढून उच्च शिक्षणसंस्थांकडे नेण्याचे ठरवले. पदवी घेऊन आलेल्या मुलीला खाटेपाशी नेमके काय जमते, हा प्रश्न मग उठणारच होता. शिवाय प्रत्येक राज्याची नोंदवही निराळी. १९९० मध्ये नोंदणी-संस्थांनी सर्वांसाठी एकच क्षमता-मानके स्वीकारली. त्यांवर टीकाही झाली: सेवेचे असे तुकडे पाडले की सेवा उरते कुठे? टीकाकारांना आधार होता अमेरिकेतल्या पॅट्रिशिया बेनर यांच्या १९८४ च्या पुस्तकाचा. नवशिकी नियमांवर चालते, तज्ज्ञ परिचारिकेला मात्र सगळी परिस्थिती एका नजरेत उमगते, असे सांगत त्यांनी पाच पायऱ्या मांडल्या होत्या. मला ही टीका पटते. पण रकाने नसते तर कमकुवत रुग्णालयात शिकलेल्या मुलीची उणीव झाकलेलीच राहिली असती, हेही विसरता येत नाही. ऑस्ट्रेलियाने २०१६ मध्ये सारी मांडणी सात व्यापक मानकांत बसवली.

भारतात हे वारे बी.एस्सी. नर्सिंगपर्यंत पोहोचले ते २०२१-२२ च्या सत्रपद्धतीच्या अभ्यासक्रमातून. त्यात रुग्णकेंद्री सेवा, सुरक्षितता, संवाद, संघकार्य अशा दहा मूलभूत क्षमता आहेत. स्कॉटलंडच्या डंडीत रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी मांडलेली टप्प्याटप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षाही इथे आली. लॉगबुकात कौशल्यांची यादी असते आणि विद्यार्थिनी ते कौशल्य नीट करू लागली की शिक्षकाने सही करायची. म्हणजे शिक्षक खाटेपाशी हजर हवा. एका शिक्षिकेवर तीन वॉर्डांतल्या मुली सोपवल्या, तर सत्राअखेरीस सगळ्या सह्या एका बैठकीत उरकण्याचा मोह होणारच. २०२३ च्या कायद्याने १९४७ चा कायदा रद्द करून राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली आहे. दर्जा ठरवण्याचे काम या कायद्याने त्या आयोगाकडे सोपवले आहे, आणि शिक्षकसंख्येचा हा जुना हिशेबही त्यालाच मांडावा लागेल.